भाड्याने देण्यासाठी पहिलं घर: त्याला किती कर्ज पेलवेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी स्थिर आहे, राहतं घर स्वतःचं आहे आणि त्यावर कर्ज नाही. साठलेल्या पैशातून भाड्याने देण्यासाठी एक घर घ्यायचं आहे. दोन घरं पाहून झाली आहेत. एक नवं, मोठं, चांगल्या वस्तीतलं. दुसरं जुनं, लहान, पण किमतीला बरंच कमी. पहिल्या घरासाठी बँक किमतीच्या ७५ टक्के कर्ज द्यायला तयार आहे. ‘बँकेने मंजुरी दिली म्हणजे मला परवडतंय असंच ना?’ असं तुम्ही शेवटी विचारलं आहे.

सुरुवात या शेवटच्या वाक्यापासूनच करतो, कारण नवख्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा इथेच अडकतात. मी २२ वर्षं भाड्याची घरं सांभाळतो आहे आणि त्याआधी ९ वर्षं कर्जाचे प्रस्ताव तपासायचं काम केलं आहे. पगारदार माणसाचा प्रस्ताव टेबलावर आला की आम्ही काय बघायचो? पगाराच्या स्लिपा, आधीचे हप्ते, जुन्या कर्जाची परतफेड वेळेवर झाली का, आणि उद्या हप्ते थकले तर घर विकून आपली रक्कम वसूल होईल का. घराला भाडं किती येणार हा प्रश्न आमच्या कागदावर फार फार तर एका ओळीत असायचा. म्हणजे मंजुरीचा अर्थ एवढाच की घर रिकामं पडलं तरी तुमच्या पगारातून हप्ता वसूल होईल. बँकेच्या जागी ते बरोबरच आहे, तिला तिचे पैसे परत हवेत. पण तुम्ही पगार वाढवायला निघाला आहात, त्याला भोक पाडायला नाही. म्हणून किती कर्ज घ्यायचं हे घराच्या भाड्यावरून ठरवा.

ते कसं, हे तुमच्याच दोन घरांवर मांडून दाखवतो. पहिल्या घराची किंमत १०० धरू आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात ठेवू. तुम्ही लिहिलेल्या रकमांचं प्रमाण मी जवळपास तसंच ठेवलं आहे. कर्ज २० वर्षांचं, व्याज ८ टक्के.

पहिलं घर: महिना भाडं ०.७, म्हणजे वर्षाचं ८.४. आता यातून वजाबाकी सुरू. वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरा. एक भाडेकरू जातो, रंग द्यावा लागतो, दुसरा मिळतो, यात महिना सहज जातो. राहिले ७.७. मालमत्ता कर, इमारतीचा देखभाल खर्च, विमा, किरकोळ दुरुस्त्या, एजंटची दलाली आणि काही वर्षांनी येणाऱ्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला काढायची रक्कम असे सगळे मिळून २.५ धरू. हे भाड्याच्या साधारण ३० टक्के होतात, आणि माझ्या अनुभवात हा अंदाज जपूनच आहे. हातात उरले ५.२. हप्ता अजून यात आलेलाच नाही.

७५ च्या कर्जाचा हप्ता महिन्याला ०.६२७ बसतो, वर्षाला ७.५३. घर देतंय ५.२ आणि बँकेला हवेत ७.५३. वर्षाला २.३३ तुम्ही खिशातून घालणार.

‘भाडं वाढत जाईल की,’ असं तुम्ही म्हणाल. वाढेलही. भाडं आणि खर्च दोन्ही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात असं धरून मी मांडून पाहिलं. पहिली ८ वर्षं घर तोट्यात चालतं, नवव्या वर्षी कुठे तोंडमिळवणी होते, आणि तोवर खिशातून गेलेले असतात १०.५ च्या वर. तुमच्याकडे एकूण शिल्लक आहे ४०. त्यातले २५ कर्जाव्यतिरिक्तच्या किमतीला आणि सुमारे ८ मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, कर्जाची प्रक्रिया फी यांना जाणार. उरले ७. म्हणजे एकही भाडेकरू न पळता, एकही पाईप न फुटता, सगळं सुरळीत चाललं तरी गंगाजळी तिसऱ्या-चौथ्या वर्षी संपते.

आता प्रश्न उलटा करा: हे घर स्वतःच्या बळावर किती कर्ज पेलेल? मी स्वतःसाठी एक पट्टी ठेवली आहे. खर्च वजा जाता उरणारं उत्पन्न वर्षाच्या हप्त्यांच्या किमान सव्वापट असलं पाहिजे. ही माझी एकट्याची कल्पना नाही. व्यापारी इमारतींना कर्ज देणारे हेच प्रमाण बघतात, आणि ब्रिटनमध्ये भाड्याने देण्यासाठी जे बाय-टू-लेट कर्ज मिळतं तिथेही भाडं व्याजाच्या सव्वापट किंवा त्याहून जास्त असावं अशी अट सर्रास असते. ५.२ ला सव्वाने भागा, ४.१६ आले. एवढ्या वार्षिक हप्त्यात ८ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज बसतं सुमारे ४१. बँक देते ७५, घर पेलतं ४१. उरलेले ३४ घराच्या भाड्याच्या नव्हे, तुमच्या पगाराच्या खांद्यावर आहेत.

दुसरं घर घेऊ. किंमत ६०, भाडं महिना ०.५५. लहान घरांचं असंच असतं. किंमत ४० टक्क्यांनी कमी, पण भाडं तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही, कारण डोक्यावर छप्पर हवं असणारा माणूस अमुक एका रकमेच्या खाली जाऊच शकत नाही. ११ महिन्यांचं भाडं ६.०५, खर्च २.२ (जुनं घर आहे म्हणून प्रमाणात जास्त धरला), उरले ३.८५. सव्वापटीच्या पट्टीने हे घर ३० च्या थोडं वर कर्ज पेलतं. ३० घेतलंत तर वर्षाचा हप्ता ३.०१ आणि हातात ०.८४ शिल्लक. किंमत ६०, कागदपत्रांचे ५, सुरुवातीची डागडुजी २, असे ६७ लागतील. त्यातले ३७ तुमचे आणि ३० बँकेचे. तुमच्याकडे उरतात ३, म्हणजे जवळजवळ १२ महिन्यांचे हप्ते. ही शिल्लक हात न लावता ठेवायची. नवख्याकडे किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे असावेत असं मी नेहमी सांगतो, आणि यात ते जेमतेम बसतं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी, कारण घर विकणारा कुणीही ती सांगणार नाही. दुसऱ्या घराचं उत्पन्न, सगळे पैसे तुमचेच असते तर, ६७ वर ३.८५ म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतं. तुम्ही त्यासाठी ८ टक्क्यांनी पैसे उचलणार. घर ज्या दराने कमावतं त्यापेक्षा कर्ज महाग असेल तर घेतलेला प्रत्येक पैसा आजचं उत्पन्न खाली ओढतो. आणि झालंही तसंच आहे: तुमच्या ३७ वर वर्षाला हातात येतात ०.८४, म्हणजे सव्वादोन टक्के, अधिक पहिल्या वर्षी मुद्दलात फिटणारे ०.६३. मग हे घर कशासाठी घ्यायचं? दोनच कारणांसाठी. व्याजदर तोच राहिला तर हप्ता बदलत नाही पण भाडं वाढत जातं, त्यामुळे दहाव्या वर्षीचं चित्र पहिल्या वर्षापेक्षा खूप वेगळं असतं. आणि २० वर्षांनी घर बिनकर्जी होतं, तेही भाडेकरूच्या पैशातून. ‘किंमत वाढेल’ हे तिसरं कारण मी हिशेबात शून्य धरतो. वाढली तर आनंद आहे, पण ज्या घराचा हिशेब केवळ किंमत वाढली तरच जुळतो ते घर मी घेत नाही. भाडं आणि किंमत यांचं प्रमाण तुमच्या भागात फारच विषम असेल तर ‘आत्ता घेऊ नये’ हेही पूर्ण उत्तर आहे. दोन वर्षं थांबून शिल्लक वाढवणाऱ्याचं मी नुकसान झालेलं पाहिलेलं नाही.

व्याजदराबद्दल. बदलत्या दराचं कर्ज घेत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. ८ टक्क्यांचं २० वर्षांचं कर्ज सुरू झालं, आणि लगेच दर १० टक्के झाला. बँक बहुधा म्हणेल, ‘हप्ता तोच ठेवू, मुदत वाढवू.’ ऐकायला किती सोयीचं वाटतं. पण तोच हप्ता ठेवला तर कर्ज फिटायला २० ऐवजी ५६ वर्षं लागतात. छपाईची चूक नाही, ५६. कारण हप्त्यातला जवळजवळ सगळा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल जागचं हलत नाही. मुदत तीच ठेवायची तर हप्ता १५ टक्क्यांहून जास्त वाढतो. आणि दोन टक्के म्हणजे काही फार मोठी उडी नव्हे. ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्क्यावरून वर जायला लागला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर पोहोचला. भारतात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून ६.५ टक्के झाला. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरांवर फक्त व्याज भरायचं, मुद्दल शेवटी, अशी कर्जं पुष्कळांनी घेतलेली असतात. जुन्या दराची मुदत संपून नवा दर लागला तेव्हा त्यांच्या हप्त्यात ती वाढ पूर्णच्या पूर्ण उतरली. म्हणून सव्वापटीचा हिशेब आजच्या दराने एकदा आणि दोन टक्के जास्त धरून दुसऱ्यांदा करा. दुसऱ्या वेळी घर निदान हप्त्याएवढं तरी कमावतंय का ते बघा. तुमचं दुसरं घर या परीक्षेत पास होतं, हप्ता ३.४७ होतो आणि घर देतंय ३.८५. पहिलं घर तर आजच्याच दराला नापास आहे.

स्थिर दर मिळत असेल आणि फरक थोडाच असेल तर भाड्याचं पहिलंच घर घेणाऱ्याला मी स्थिर दर घ्यायला सांगेन. मुदत शक्य तेवढी लांब घ्या, पण मुदतपूर्व परतफेडीवर दंड नाही हे करारात वाचून खात्री करा. हप्ता लहान असला की वाईट वर्ष निभतं, आणि चांगल्या वर्षी जास्तीचे पैसे मुद्दलात टाकता येतात. सुरुवातीची वर्षं यासाठी सर्वात मोलाची. ८ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्याचा ८० टक्के भाग व्याज असतो, आणि बरोबर १० वर्षं हप्ते भरून झाल्यावरही ६९ टक्के मुद्दल बाकीच असतं.

पैसे उभे करायचे बाकीचे मार्ग पटकन सांगतो. राहतं घर तारण ठेवून मिळणारं कर्ज बऱ्याचदा स्वस्त असतं, पण मग भाडेकरूने दगा दिला तर आच तुमच्या स्वतःच्या छपराला लागते. भाड्याच्या पहिल्याच घरासाठी मी ते करू देणार नाही. वैयक्तिक कर्ज काढून सुरुवातीची रक्कम भरणं तर अजिबात नको. भावंडाबरोबर किंवा मित्राबरोबर भागीदारी चालते, फक्त एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची हे पहिल्याच दिवशी लिहून सही करा. आणि कर्जाच्या अर्जात ‘स्वतः राहण्यासाठी’ असं लिहून घर भाड्याने देऊ नका. राहण्याच्या घराला दर कमी असतो म्हणून एजंट हा सल्ला देतात, पण ती खोटी माहिती आहे आणि उघडकीला आली तर बँक पूर्ण कर्ज एकरकमी मागू शकते. बांधकाम सुरू असलेल्या घराच्याही वाटेला जाऊ नका. हप्ते किंवा व्याज आधी सुरू होतं आणि भाडं ताबा मिळेपर्यंत शून्य.

आता घर कसं निवडायचं. मी आधी भाडेकरू निवडतो आणि मग घर. इथे कोण राहील, तो कामाला कुठे जाईल, कसा जाईल, त्याच्या पगाराचा कितवा हिस्सा भाड्यात जाईल? हे मी शिकलो ते पदरचे पैसे मोजून. माझं दुसरं घर एका मोठ्या कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. भाडेकरूंची रांग असायची, म्हणून खूश होतो. मग कारखान्याने एक पाळी बंद केली. त्या वर्षी ते घर ७ महिने रिकामं होतं, आणि भाडं कमी करूनही कुणी येईना, कारण सगळ्या गल्लीतली घरं एकदमच रिकामी झाली होती. तेव्हापासून मी अशी जागा बघतो जिथे वेगवेगळ्या ठिकाणी नोकरी करणारी माणसं राहतात: दवाखाना, शाळा, दुकानं, कचेऱ्या, आणि चालत जाण्याच्या अंतरावर बस किंवा रेल्वे. एकाच मालकाच्या पगारावर उभी असलेली वस्ती मला नको.

भाडं किती येईल हे जाहिरातीवरून ठरवू नका. जाहिरातीत मालकाची इच्छा लिहिलेली असते. त्याच इमारतीतल्या दोन भाडेकरूंना विचारा की ते किती देतात आणि मागचा भाडेकरू गेल्यावर घर किती दिवस रिकामं होतं. पहारेकऱ्याला हे सगळं माहीत असतं आणि तो मोकळेपणाने सांगतो. महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का असावं असा एक नियम अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांमध्ये प्रचलित आहे. दहा घरांतून तीन निवडायला चाळणी म्हणून तो ठीक, पण महाग शहरांत तो जवळजवळ कुठेच बसत नाही, आणि जिथे सहज बसतो तिथे घर इतकं स्वस्त का आहे ते आधी शोधावं लागतं.

घर बघायला तीनदा जा: एकदा दिवसा, एकदा रात्री नऊनंतर, आणि जमलं तर जोराच्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी. जुन्या घरात माझी तपासणी न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीपासून सुरू होते. मागे एका घरात सगळा रंग चार-पाच वर्षांचा, पिवळट पडलेला. फक्त त्या एका भिंतीवर, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, पांढराशुभ्र पट्टा. मालक म्हणाले, मुलांनी रेघोट्या मारल्या होत्या. मी हात लावला तर भिंत गार होती आणि नखाने खरवडल्यावर गिलावा पिठासारखा निघाला. भिंतीला टेकून ठेवलेलं कपाट सरकवायला सांगितलं. मागे काळी बुरशी छातीइतक्या उंचीपर्यंत चढलेली. ती गळती वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून होती, म्हणजे दुरुस्ती माझ्या हातातच नव्हती. वरच्या मालकाने फरशी फोडायला नकार दिला असता तर मी काहीही करू शकलो नसतो. ते घर मी सोडलं. ओलीचा उगम त्याच घरात असेल तर किंमत कमी करून घेता येते. उगम दुसऱ्याच्या घरात असेल तर मात्र किती सूट मिळाली तरी नको. तुम्हीही सगळे नळ एकदम सोडून धार बघा, संडासात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जातं बघा, आणि विजेचा मुख्य बोर्ड उघडून वायर किती जुनी आहे ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

कागदांच्या बाबतीत माझं म्हणणं एका ओळीचं आहे: तुमचा स्वतःचा वकील लावा, विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको, आणि मालकीची साखळी व घरावरचा बोजा त्याने लेखी तपासून दिल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नका. घरात आधीच भाडेकरू असेल तर त्याचा करार आणि त्याची अनामत कुणाकडे जाणार हेही खरेदीच्या करारात लिहून घ्या, नाहीतर तो जाताना ती तुमच्याकडे मागेल आणि त्याचं बरोबरच असेल.

तुमच्या जागी मी असतो तर पहिलं घर आजच्या किमतीला सोडलं असतं. दुसऱ्या घराला ६० मागत आहेत, तिथे मी ५५ पासून बोलणी सुरू केली असती आणि ५७ च्या वर गेलो नसतो, कारण जे ३ वाचतील तेवढीच तुमची गंगाजळी आहे आणि ती दुप्पट होईल. पण त्याआधी मालकाकडून मागच्या तीन वर्षांच्या कराच्या पावत्या, इमारतीच्या देखभालीची बिलं आणि येत्या काळात छत किंवा लिफ्टसाठी वर्गणी काढायचं ठरलं आहे का याची लेखी माहिती मागून घ्या. २.२ हा खर्चाचा आकडा माझ्या अंदाजाचा आहे. पावत्यांत तो २.८ निघाला तर हप्ते भरल्यावर हातात जवळजवळ काहीच राहत नाही, आणि मग कर्ज ३० वरून २५ वर आणावं लागेल. पावत्या हातात आल्या की खरे आकडे लिहून पाठवा, आपण दोघं मिळून पुन्हा मांडू.